टँक आज, मासे पुढच्या महिन्यात

शाळांना सुट्ट्या लागल्या की घरोघरी फिश टँक येतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे येतो. या अंकासाठी मी फक्त पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्यांची पत्रं निवडली आहेत, तीही लहान, गोड्या पाण्याच्या टँकची. नव्या वाचकांसाठी सांगते, पुण्यातले दवाखाने, बँकांच्या शाखा आणि लोकांचे दिवाणखाने इथले टँक सांभाळणं हा माझा धंदा. बोटांना कायम शेवाळाचा वास. उत्तरं थोडी रोखठोक वाटली तर चालवून घ्या. पहिलं उत्तर लांबलंय, कारण निम्म्या पत्रांची गोम तिथेच आहे.

मुलीच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक घेतला. दुकानदाराने त्याच दिवशी घरी येऊन फिल्टर, लाइट, रंगीत खडी सगळं लावून दिलं आणि ‘सेट’ म्हणून बारा मासे सोडले: चार गोल्डफिश, दोन एंजल, दोन काळे मॉली, दोन शार्क, दोन सकर. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. सगळं पाणी काढलं, खडी आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुतले, पुन्हा भरलं, निळं औषध टाकलं. आठवड्याभरात सकर आणि एक मॉली सोडून सगळे गेले. मुलगी रोज रडते. नेमकं काय चुकलं? नवीन मासे आणू का?
— एक बाबा, ठाणे

दादा, आधी मुलीला सांगा की तिने काही केलेलं नाही. ‘तूच जास्त खायला घातलंस’ असं घरात कोणीतरी म्हणून गेलं असणारच. मासे गेले ते टँक आणि मासे एकाच दिवशी घरात आल्यामुळे. हे दुकानदारालाही ठाऊक असतं. पण गिऱ्हाईक रिकामा टँक घेऊन जायला तयार नसतं, आणि गेलंच तर महिन्याने आपल्याकडेच परत येईल याची त्याला खात्री नसते. म्हणून एका फेरीत सगळं गळ्यात मारलं जातं.

आता आत काय घडलं ते बघा. माशाच्या अंगातून अमोनिया सतत बाहेर पडत असतो, बराचसा कल्ल्यांवाटेच. न खाल्लेलं खाद्य कुजलं की त्यातूनही तोच. तुमची पेटी २४ बाय १२ बाय १२ इंचांची धरली, तर काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची चार बोटं जागा वजा केली की उरतं साधारण ४५ लिटर. त्यात बारा मासे. चार-पाच दिवसांत त्यांचे कल्ले भाजून निघतात. असा टँक समोर आला की मला लांबूनच कळतं: मासे वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करत असतात, पंख अंगाशी मिटलेले, कल्ल्याच्या झाकणाखाली लालभडक रेघ. घरातले म्हणतात, हवा कमी पडतेय, पंप मोठा आणा. हवा भरपूर असते हो, ती ओढून घेणारे कल्लेच कामातून गेलेले असतात.

जुन्या टँकमध्ये हे होत नाही, कारण तिथे जिवाणूंची दोन पथकं कामाला लागलेली असतात. पहिलं पथक अमोनियाचं नायट्राइट करतं. नायट्राइटही विषच, ते रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरं पथक त्याचं नायट्रेट करतं. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढतो, शिवाय झाडं खातात. हे जिवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून असतात, आणि त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमचं दुधाळ पाणी हा वेगळ्याच जिवाणूंचा तात्पुरता सुकाळ होता, तो हात न लावता काही दिवसांत निवळला असता. तुम्ही खडी आणि स्पंज नळाखाली धरलात, तेव्हा जी काय वस्ती बसू लागली होती ती नळातल्या क्लोरीनने मारली. उरलेलं काम निळ्या औषधाने केलं. ते असतं मिथिलीन ब्लू. बुरशी लागलेल्या माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून वापरायला उत्तम. मुख्य टँकमध्ये मात्र ते चांगल्या जिवाणूंच्याही मुळावर येतं आणि काचेच्या जोडांचं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. टँकबरोबर ती बाटली फुकट मिळते, म्हणून ती ओतलीच पाहिजे असं नाही.

वस्ती लवकर बसवायचा खात्रीचा उपाय म्हणजे विरजण. ओळखीत कोणाकडे वर्षभर चालू असलेला, रोगराई नसलेला टँक असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागा. तो त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून, पिशवीत घालून, वाटेत कुठे न थांबता घरी आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजला चिकटून बसवायचा. आणण्याआधी बादलीत हलकेच पिळून बघा. दाट तपकिरी गाळ निघेल. तो बघून नाक मुरडू नका, तोच तर हवा आहे. निरोगी स्पंजला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर नमस्कार करून परत या. आणि पुढे कधीही स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा दाबून, बस्स. पांढराशुभ्र करायचा नाही.

असं कोणी ओळखीत नसेल, तर रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चोवीस तास चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहायचं. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना खाणं मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट मिळतं, ते आणा. टँकवर एवढा खर्च केलात, तर सजावटीतला तो उघडझाप करणारा खजिन्याचा पेटारा न घेता त्याच पैशांत किट घ्यायला हवं होतं.

तुमच्याकडे तीन जीव शिल्लक आहेत, त्यामुळे तुम्ही रिकाम्या टँकचा मार्ग घेऊ शकत नाही. तूर्त एकही नवा मासा नको. एकाआड एक दिवस पाव टँक पाणी बदला, खाद्य दिवसातून एकदा आणि तेही एका मिनिटात संपेल इतकंच, निळी बाटली माळ्यावर. किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले की मुलीला घेऊन दुकानात जा.

त्या ‘सेट’बद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. गोल्डफिश हाताच्या पंजाहून मोठा होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाण प्रचंड करतो. दोन फुटात त्याला जागाच नाही. एंजलला उंच टँक लागतो आणि मोठा झाला की तो लहान मासे गिळतो. आणि ते ‘शार्क’! ते शार्क नव्हेत, पंगॅशिअस जातीचे मासे, वाढून तीन फुटांवर जाणारे. हॉटेलात बासा म्हणून बिनकाट्याचा जो तुकडा ताटात येतो, तो बहुतेक वेळा याच माशाचा.

प्रस्तावना नको, फक्त सांगा: दोन फुटी टँक, कोणते मासे, किती, कोणत्या क्रमाने?
— एक गृहिणी, नाशिक

ताई, असं पत्र लिहिणाऱ्यांवर माझा जीव आहे.

तुमच्याकडे थंडीत टँकचं पाणी विशीच्या खाली उतरतं, म्हणून पहिला प्रश्न हीटरचा. लिटरला एक वॉट असा हिशेब धरायचा, म्हणजे तुम्हाला ५० वॉटचा पुरे.

हीटर घेणार नसाल तर आधी सहा झेब्रा डॅनिओ. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, आपल्याच देशातला मासा. गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो लागतो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. इतका चिवट की नव्या टँकमधल्या बारीकसारीक चुका पोटात घालतो. फक्त उडी मारतो, तेव्हा झाकण घट्ट हवं. त्यानंतर तीन आठवड्यांनी तळात फिरणाऱ्या सहा कोरी. त्यांतला ठिपक्यांचा, पेपर्ड कोरी म्हणून मिळतो तो थंडी सोसतो. कोरी मिशांनी तळ चाचपत खातात, म्हणून खाली धारदार रंगीत खडी न घालता बारीक, गोल वाळू घाला. खडीवर त्यांच्या मिशा झिजून झिजून खुंटतात आणि मग मासा खाईनासा होतो. एवढ्यावर थांबा.

हीटर घेणार असाल तर माझी स्वतःची आवड वेगळी: आठ हार्लेक्विन रासबोरा, मग सहा कोरी, आणि तीन महिन्यांनी हनी गोरामीची एक जोडी. रासबोरा तांबूस, अंगावर काळा त्रिकोण, घोळक्यात वळतात तेव्हा सगळे एकदम वळतात. हनी गोरामी मधल्या पाण्यात निवांत फिरतो आणि पोटाखालच्या दोन लांब धाग्यांनी समोर येईल त्याला हात लावून बघतो. झाड, काच, दुसरा मासा, तुमचं बोट. तोही आपल्याकडचा, ईशान्य भारत आणि बांगलादेशातला. दोन फुटी टँकमध्ये याहून देखणी मांडणी मला माहीत नाही.

निऑन टेट्रा तुम्हाला हवेच असणार, सगळ्यांना हवे असतात. टँक तीन-चार महिने नीट चालला की आणा. आधी आणलेत तर रोज सकाळी एक कमी होत जाईल. टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांची पिसं काढतात. इंजेक्शनने रंगवलेले गुलाबी-जांभळे मासे कोणीही घेऊ नयेत, ते मुलांच्या हौसेखातर असले तरी. तो रंग सुईने घातलेला असतो, मासे त्यात मरतात आणि उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उडतो.

मासे आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी टँकचं वाटीभर पाणी पिशवीत घाला. तीन-चार वाट्या झाल्या की मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. दुकानाच्या टाकीतले रोग घरात कशाला? त्या दिवशी लाइट लावू नका.

मावशी, मी सातवीत आहे. मला फायटर घ्यायचाय. आई म्हणते, तो काचेच्या बरणीतसुद्धा राहतो, टँक कशाला? दुकानात तर एवढ्याशा ग्लासात ठेवतात.
— एक विद्यार्थी, सातारा

अरे, दुकानात ग्लासात ठेवतात ते विकेपर्यंत. एसटीच्या फलाटावर माणसं रात्र काढतात, पण तिथे कोणी बिऱ्हाड करत नाही.

फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, त्याने तो थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यात तो तग धरतो. थायलंडच्या भातखाचरांत, उथळ दलदलीत त्याचं मूळ घर. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर केलं. पण हवेतून श्वास घेता आला म्हणून बरणीतला अमोनिया त्याला लागत नाही असं नाही. निदान वीस लिटरचा टँक, छोटा स्पंज फिल्टर आणि साताऱ्याच्या थंडीसाठी २५ वॉटचा हीटर, एवढं आईकडून मिळव. पाणी २५ ते २८ अंशांत हवं. पाण्यात जोराचा प्रवाह नको, त्याचे पंख जड असतात, तो दमतो. एक मोठ्या पानाचं झाड लाव, अनुबियस असेल तर उत्तम. तो पानावर जाऊन झोपतो, खरंच झोपतो, बघ. एका टँकमध्ये दोन नर कधीच नाहीत. आणि पिसारा फुलवतो म्हणून त्याच्यासमोर सारखा आरसा धरू नकोस, तो बिचारा खरंच भांडणाच्या तयारीत असतो.

टँक आधी घे. मासा महिन्याने. वाट बघवली नाही तर मला पुन्हा पत्र लिही.

नवीन घरात वास्तूसाठी टँक ठेवायचा आहे. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा असा नऊचा आकडा सांगितला आहे. ईशान्य दिशा. टँक दोन फुटी चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

दिशेबद्दल माझं काही म्हणणं नाही, फक्त तिथे ऊन थेट येत नाही, प्लगपॉइंट जवळ आहे आणि खालचं स्टँड भक्कम आहे हे बघा. पाणी, काच, वाळू धरून दोन फुटी टँक सत्तर किलोच्या घरात जातो. शोकेसच्या फळीवर ठेवायची वस्तू नाही ती. नऊ गोल्डफिशना मात्र दोन फूट अजिबात चालणार नाही. त्यांना चार फुटी टँक आणि दुप्पट ताकदीचा फिल्टर लागेल. नऊचा आकडाच पाळायचा असेल तर आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळा मॉली घ्या. कोल्हापूरच्या पाण्यात खुशाल राहतील, आणि महिन्याभरात आकडा आपोआप नव्वदीकडे जाऊ लागेल. मग काय करायचं ते ज्यांनी सल्ला दिला त्यांना विचारा.

पालिकेच्या हिवताप विभागाचे लोक आमच्या सोसायटीच्या कारंज्यात गप्पी मासे सोडून गेले. तेच चार आणून टँक सुरू केला तर?
— एक ज्येष्ठ नागरिक, पिंपरी

काका, कल्पना झकास आहे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला आणि इथलाच होऊन गेला. दुकानातले मोठ्या शेपट्यांचे रंगीत गप्पी पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून काढलेले असतात, दिसायला सुंदर आणि प्रकृतीने नाजूक. कारंज्यातले साधे, पण काटक. नराच्या अंगावर एखादा केशरी ठिपका, एखादी हिरवट झाक, एवढंच. जवळून बघितलं तर दोन नर एकसारखे सापडत नाहीत.

फक्त तपासून घ्या की ते गप्पीच आहेत. डासांसाठी गंबुशिया नावाचा मासाही सोडतात. त्याचे नर-मादी दोन्ही करडे असतात, रंगाचा ठिपका कुठेच नाही, आणि तो दुसऱ्या माशांच्या शेपट्या कुरतडतो. तो नको.

आणि पिलांचा विचार आधी करा. गप्पी अंडी घालत नाही, पिलंच देतो, साधारण दर महिन्याला. मादीने एकदा नराचा संग केला की ते बीज ती कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणजे एकटी मादी आणलीत तरी पिलं होणारच. तुमच्या वयात रात्री उठून पिलं मोजायची हौस नसेल तर सहा नर आणा आणि मादी एकही नको. नातवंडं यायची असतील तर एक मादी आणा. पिलांना लपायला पाणवनस्पतींचं दाट जाळं द्या, नाहीतर आईच खाते.

नागपूरला मे महिन्यात आमच्या टँकचं पाणी ३४ अंशांवर गेलं. कूलर खोलीत आहे, पण दुपारी वीज गेली की संपलं. मासे वर येऊन हाफतात. बर्फ टाकू का?
— एक प्राध्यापक, नागपूर

सर, बर्फ थेट टाकू नका. पाणी तासाभरात पाच-सहा अंशांनी खाली आलं तर उष्म्याने न मेलेला मासा त्या धक्क्याने मरतो.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मुद्दा तेवढाच आहे. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्यात उष्णतेने माशाची गरज वाढलेली. तेव्हा पहिलं काम पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणं. टँकचं झाकण काढून वर जाळी लावा आणि छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरका मारा. तुमच्या विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं, पाण्याचं तापमान तीनेक अंशांनी सहज उतरतं. मुंबईकरांनी हा उपाय करून माझ्या नावाने बोटं मोडू नयेत, त्यांच्या दमट हवेत एखादा अंश उतरला तरी पुष्कळ. उडालेल्या पाण्याची भर रोज घाला. लाइट सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपारी बंद. खाद्य निम्मं.

वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा एअर पंप लावा, मासे बाजारात नेणारे वापरतात तो. तो स्पंज फिल्टरला जोडला तर हवाही मिळते आणि स्पंजवरची वस्तीही जगते. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि वीज चार-पाच तास गेली असेल, तर वीज आल्यावर तो तसाच चालू करू नका. आतलं पाणी सडायला लागलेलं असतं. आधी ते ओतून द्या.

आणि नागपुरात निऑन पाळू नका. डॅनिओ किंवा चेरी बार्बसुद्धा उन्हाळ्यात तुम्हाला शिव्या देतील. गप्पी आणि गोरामी देणार नाहीत.

बोअरचं पाणी वापरू, नळाचं, की आरओचं? तिघं तीन सल्ले देतात.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नळाचं, क्लोरीन काढून. बादलीत एक दिवस उघडं ठेवा, आत हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीचं बुडबुडे सोडणारं टोक) सोडला तर आणखी लवकर जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिले असतील तितकेच.

बोअरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड असतं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते मानवतंच, मॉलीला तर आवडतं. निऑन, रासबोरा यांना हलकं पाणी लागतं. आरओचं पाणी एकटं कधीच नको, त्यात क्षार उरलेले नसतात आणि पाण्याची आम्लता कधी वाढेल नेम नाही. बोअरमध्ये मिसळून वापरा. खरं सांगायचं तर पाण्याला माशाजोगतं करत बसण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडणं स्वस्त पडतं.

गणपतीला आम्ही आठ दिवस कोकणात जातो. शेजाऱ्यांना खाद्य घालायला सांगावं का?
— एक वाचक, डोंबिवली

मुळीच नको. शेजारी प्रेमाने घालतात, तेच वाईट. मोठ्या, धडधाकट माशांना आठ दिवसांचा उपास सहज झेपतो. माझ्या सगळ्या टँकना आठवड्यातून एक दिवस एकादशी असते आणि मासे अधिक तरतरीत दिसतात. जाण्याच्या दोन दिवस आधी पाव टँक पाणी बदला, निघताना बदलू नका. पिलं असतील तरच कोणालातरी किल्ली द्या, आणि रोजचं खाद्य कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवा. डबा कपाटात कुलूपबंद.

‘काच साफ करतो’ म्हणून घेतलेला बोटभर सकर दीड वर्षात फूटभर झाला. काचही साफ करत नाही. गावाकडे नदीत सोडून द्यावं म्हणतोय.
— एक वाचक, सांगली

सोडू नका. या एका गोष्टीवर मी कोणाचं ऐकून घेत नाही. हा दक्षिण अमेरिकेचा मासा, पाठीवर चिलखत, पंखांना काटे, त्याला आपल्या नदीत कोणी खात नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या मत्स्यतळ्यांत आणि आंध्रात असेच घरांतून, हॅचरींतून सुटलेले सकर फोफावले आहेत. मच्छीमारांची जाळी फाडतात, काठात बिळं करून बांध पोखरतात आणि बाजारात त्यांना भाव शून्य.

तुमच्या सकरने काच चाटणं सोडलं, कारण मोठा झाल्यावर तो वरून पडलेलं खाद्य खायला शिकला. तो अजून वाढणार. दुकानदाराशी बोला, मोठे सकर परत घेणारी दुकानं आहेत, पैशांची अपेक्षा ठेवू नका. नाहीतर मोठा टँक किंवा बंदिस्त सिमेंटचा हौद असलेला कोणी हौशी माणूस गाठा. काच साफ करायला स्पंजचा तुकडा घ्या. लाइट दिवसाला सहा-सात तासांवर आणा, मनीप्लांटच्या दोन फांद्या धुऊन मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा टँकच्या कडेला अडकवा. मुळं नायट्रेट ओढून घेतात, शेवाळाचं खाणं तुटतं.

काचेवर शेकडो बारीक गोगलगायी झाल्यात. औषध आहे का?
— एक वाचक, अलिबाग

औषध नको, त्यात तांबं असतं आणि कोळंबी असेल तर तीही मरते. त्या झाडांबरोबर आल्या आणि तुमच्या उरलेल्या खाद्यावर वाढल्या. खाद्य निम्मं करा. रात्री काकडीची एक चकती तळाला ठेवा, सकाळी ती गोगलगायींसकट उचला. असं काही दिवस करा.